मादाम कामांच्या चित्रावर नवा रंग चढवू नका: वाचनालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
सार्वजनिक वाचनालय व सभागृह

स. न. वि. वि.

१९०७ साली जर्मनीत स्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा उभारणाऱ्या मादाम भिकाईजी कामांचे सभागृहातले मोठे तैलचित्र उतरवून ‘नव्याने रंगवून घेण्याचा’ ठराव आपण मंजूर केल्याची सूचना फलकावर लागली आहे. चित्र धुऊन त्यावर पुन्हा रंग द्यायचा, चेहरा ‘तरुण व प्रसन्न’ करायचा, हातातल्या जुन्या झेंड्याच्या जागी तिरंगा काढायचा, वरून चकचकीत वार्निश मारून चौकटीला दिव्यांची पट्टी लावायची आणि २४ सप्टेंबरला, मादाम कामांच्या जयंतीला, अनावरण करायचे, असे त्या सूचनेत लिहिले आहे.

आम्ही तैलचित्रांची दुरुस्ती व जतन करणारे आणि व्यक्तिचित्रे रंगवणारे लोक आहोत. आमच्यापैकी बहुतेक जण या वाचनालयाचे वर्गणीदारही आहेत. चित्राची मालकी संस्थेची आहे हे आम्हांला मान्य आहे. पण एकदा रंग चढला की पुढच्या कोणत्याही मंडळाला तो निर्णय मागे घेता येणार नाही, म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता सभासदांसमोर ठेवत आहोत. आपला हेतू चांगला आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. चित्र मळले आहे, त्याची हेळसांड झाली आहे आणि काहीतरी करायलाच हवे, इथपर्यंत आपले आणि आमचे एकमत आहे.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप रंगवण्यालाच आहे.

तैलचित्र म्हणजे कापडावर दिलेला रंग, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्यात एकावर एक थर असतात. मागे लाकडी चौकट, म्हणजे स्ट्रेचर. त्यावर ताणलेला कॅनव्हास. कॅनव्हासवर सरसाचा हात, सरसावर पांढरे अस्तर, अस्तरावर जवसाच्या तेलात घोटलेले रंग आणि सर्वांत वर राळेचे वार्निश. चित्र ‘काळे पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा रंग काळा पडलेला नसतो. राळेचे वार्निश वयाबरोबर पिवळे होते, मग तपकिरी होते. त्यावर उदबत्तीचा धूर, रस्त्यावरची धूळ आणि माणसांच्या गर्दीतला ओलसर चिकटपणा बसतो. खालचा रंग पुष्कळदा शाबूत असतो. तो वर आणायचा तर वरचा मळ आणि जुने वार्निश काढावे लागते. त्यावर नवा रंग देणे म्हणजे काजळी न काढता भिंतीला चुना लावणे.

दुसरी अडचण शब्दाची आहे. बाजारात ‘ऑइल पेंट’ मागितला की दारे-खिडक्यांना लावायचा इनॅमल हाती येतो. त्याचा थर कडक आणि चकचकीत असतो. जुना कॅनव्हास दमट हवेत आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो. खालचे रंग त्याच्याबरोबर थोडेफार हलतात, वरचा इनॅमल हलत नाही. मग काही पावसाळ्यांनंतर तो पापुद्र्याने सुटतो आणि सुटताना मूळ रंगही ओढून नेतो. अॅक्रिलिक रंग पाण्यात कालवलेले असतात, त्यामुळे तेलकट, वार्निश असलेल्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाहीत. चित्रकाराचे अस्सल तेलरंग वापरले तरी प्रश्न सुटत नाही, कारण ते वाळून घट्ट झाल्यावर खालच्या मूळ तेलरंगापासून वेगळे करता येत नाहीत. वरचा थर विरघळवणारे द्रावक खालचा थरही मऊ करते. म्हणूनच आमच्या कामात नियम असा की मूळ रंग जिथे शिल्लक आहे तिथे एक ठिपकाही द्यायचा नाही. जिथे रंग गळून गेला आहे तेवढीच जागा भरायची, तीही मधे वार्निशचा पडदा ठेवून आणि पुढे सहज काढता येतील अशा रंगांनी.

‘धुणे’ या शब्दाचीही आम्हांला तितकीच भीती वाटते. कापलेला बटाटा किंवा कांदा चोळल्यास त्यातले पिष्ट आणि साखर भेगांत राहते आणि बुरशीला खाद्य मिळते. साबणाचे पाणी भेगांतून आत शिरून सरस फुगवते आणि रंगाची पकड सुटते. काच पुसायच्या फवाऱ्यात अमोनिया असेल तर तो तेलरंगालाच खातो. जवसाचे तेल चोळले की आठवडाभर चित्र झळाळते, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण तेच तेल हवा लागून तपकिरी, चिवट थर बनते आणि पुढे कशानेही धड निघत नाही. पॉलिश पेपरने घासण्याची कल्पना तर मुळातच सोडून द्यावी. जुन्या चित्रांच्या पांढऱ्या रंगात आणि अस्तरात बहुधा शिसे असते. घासणाऱ्या माणसाच्या आणि त्याच्या घरातल्या मुलांच्या शरीरात ती धूळ जाईल.

चित्राला हात न लावता, विजेरी बाजूने तिरपी धरून आम्ही जे पाहिले ते असे. खालच्या कडेला कॅनव्हास पुढे फुगला आहे. कॅनव्हास आणि खालची लाकडी पट्टी यांच्यामध्ये वर्षानुवर्षांचा कचरा, पोपडे आणि बहुधा निसटलेली एखादी पाचर (कॅनव्हास ताणून धरायला चौकटीच्या कोपऱ्यात ठोकतात ती) साठून असा फुगवटा येतो. चौकटीच्या आतल्या कडेला समांतर अशी भेगांची सरळ रेघ उमटली आहे. झेंड्याच्या तांबड्या पट्टीत तळहाताएवढ्या जागेत रंग कौलासारखा उचलला गेला आहे, आणि या सगळ्यात तातडीचे तेच आहे. तिथे ओला फडका फिरला तर रंग फडक्याबरोबर येईल. उजव्या खालच्या कोपऱ्यात बुरशीचे करडे ठिपके आहेत. त्याच कोपऱ्यात सहीचा अवशेष आहे. नाव आणि साल नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

या सहीसाठीच खरे तर थांबायला हवे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाल्यानंतर मुंबईत व्यक्तिचित्रांची मोठी परंपरा उभी राहिली. धुरंधर, त्रिंदाद, पिठावाला अशा चित्रकारांनी सभागृहांसाठी आणि घरांसाठी शेकडो माणसे रंगवली, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या कितीतरी हातांची नावे आता कुणाला ठाऊक नाहीत. हे चित्र ‘मोठ्या चित्रकाराचे’ असल्याची कुजबुज सभागृहात चालते. भिंगाखाली आणि अतिनील दिव्याखाली सही वाचली जाईपर्यंत त्याला कुणाचेही नाव जोडू नये. पण ती वाचण्याआधीच तिच्यावर रंग फासला गेला, तर ज्याने हे चित्र केले त्याची शेवटची खूणही आपण पुसून टाकू.

पुढचा आक्षेप मुहूर्ताला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये काम करून २४ सप्टेंबरला अनावरण, हे वेळापत्रक तैलचित्राला मानवणारे नाही. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की सरस मऊ पडतो, कॅनव्हास आखडतो आणि रंगाचा थर सैल होतो. अशा दिवसांत चित्र उतरवणे, पाचरी ठोकणे, ओल्या बोळ्याने पुसणे हे सगळेच जोखमीचे. दमट हवेत मारलेल्या वार्निशवर पांढुरके धुके चढते. ते पुसून जात नाही, वार्निश काढून पुन्हा द्यावे लागते. नव्या तेलरंगावर लगेच वार्निश मारणेही चुकीचे आहे. रंग वरून कोरडा लागला तरी आतून वाळायला महिनोन्‌महिने लागतात आणि सहा महिने ते वर्षभर थांबण्याचा रिवाज आहे. घाईने वार्निश मारले की खालचा रंग वाळताना आक्रसतो आणि वार्निशसकट फाटतो. जयंतीच्या दिवशी फोटो छान येतील, पण पुढच्या उन्हाळ्यात चेहऱ्यावर भेगा दिसतील.

आता चेहऱ्याबद्दल. मादाम कामांचा जन्म २४ सप्टेंबर १८६१चा, मुंबईतल्या सोराबजी फ्रामजी पटेल यांच्या सुखवस्तू पारशी घरातला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि स्वतः प्लेगने आजारी पडल्या. त्यातून वाचल्या, पण प्रकृती खालावली आणि १९०२ साली उपचारांसाठी त्यांना युरोपात जावे लागले. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. स्टुटगार्टला झेंडा हातात घेतला तेव्हा ४५ वर्षांच्या. आपल्या चित्रातल्या बाई त्याच वयाच्या आहेत. डोळ्यांखाली जड सावली आहे, गाल भरलेले आहेत, ओठ मिटलेले आहेत. ती सावली मळ नाही. तपकिरी रंगाचे पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, एकावर एक देऊन चित्रकाराने ती जाणूनबुजून आणली आहे. सफाई करणाऱ्याचा हात जरा जास्त चालला तर आधी नेमके हेच पातळ ग्लेझ निघून जाईल आणि चेहरा सपाट, पिठाळ दिसेल. त्यावर गुलाबी रंग भरून ‘प्रसन्न’ केलेली पंचविशीतली बाई कोणीही असेल, प्लेगमधून उठलेल्या आणि घरदार मागे सोडून गेलेल्या भिकाईजी कामा नसतील.

साडीही जशी आहे तशीच राहू द्यावी. पदर पारशी पद्धतीने डोक्यावरून घेतलेला आहे. सूचनेसोबत लावलेल्या नमुना-चित्रात तो नऊवारीसारखा खोचून दाखवला आहे आणि कपाळावर ठसठशीत कुंकू आहे. आपुलकीने केलेला असला तरी हा बदल त्यांचे घर आणि त्यांचा समाज पुसून टाकणारा आहे.

झेंड्याचा मुद्दा आम्हांला सर्वांत जास्त लागला आहे, त्यामुळे तो जरा विस्ताराने मांडतो. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम कामांनी हिंदुस्थानचा झेंडा उभारला आणि त्यासाठी जगाकडे पाठिंबा मागितला. तेव्हा अशोकचक्राचा तिरंगा अस्तित्वात नव्हता. संविधान सभेने तो २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. मादाम कामा १३ ऑगस्ट १९३६ रोजी मुंबईत वारल्या. म्हणजे आपण त्यांच्या हातात जो झेंडा रंगवू पाहता तो त्यांनी आयुष्यात कधी पाहिलाच नाही. त्यांनी उंचावलेला झेंडा वेगळा होता, तीन आडव्या पट्ट्यांचा, मधल्या पट्टीवर देवनागरीत वन्दे मातरम् लिहिलेला. त्या झेंड्याची वर्णने पुस्तकापुस्तकांत सारखी नाहीत. कुठे वरच्या पट्टीवर आठ कमळे, कुठे एक कमळ आणि सात तारे, आणि रंगांचा क्रमही कुठे कुठे बदललेला. नेमकी म्हणूनच ‘इंटरनेटवरचे बघून दुरुस्त करा’ अशी सूचना रंगाऱ्याला देणे घातक आहे. आपल्या चित्रात वर हिरवी, मध्ये पिवळी आणि खाली तांबडी पट्टी आहे, तांबड्या पट्टीत सूर्य आणि चंद्रकोर आहे. चित्रकाराने ज्या आधारावर हे रंगवले तो आधार आज आपल्यासमोर नसेल, पण त्याने रंगवले ते स्वतःच एक साक्ष आहे. तांबड्या पट्टीतली गळालेली जागा भरताना संदर्भ लागलाच तर मादाम कामा झेंडा धरून उभ्या असलेले छायाचित्र आहे, आणि पुण्याला केसरीवाड्यात तो झेंडा जपून ठेवलेला आहे. गुजरातचे स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिक यांनी तो लपवून हिंदुस्थानात आणला होता. पुण्याला एक फेरी मारून तो प्रत्यक्ष पाहणे कोणत्याही नमुना-चित्रापेक्षा भरवशाचे आहे.

अक्षरांबद्दलही एक विनंती. चित्रात ‘वन्दे’ असे अर्धा न काढून लिहिले आहे. आजच्या लेखनाप्रमाणे ते ‘वंदे’ करू नये.

तांबड्या पट्टीचा रंग जागोजागी उडाल्यासारखा दिसतो. ती जर अलिझरिन या रंगद्रव्याची किरमिजी छटा असेल तर उजेडाने फिकी पडणे हा त्या रंगाचा स्वभावच आहे. फिकी पडलेली पट्टी पुन्हा गडद करणे ही दुरुस्ती नाही. उजेड कमी करणे ही दुरुस्ती आहे.

इथेच दिव्यांच्या पट्टीचा प्रश्न येतो. तैलचित्रावर पडणारा उजेड साधारण २०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आत ठेवावा. चौकटीच्या वरच्या कडेला चिकटवलेली पट्टी वरच्या वीतभर भागावर त्याच्या कितीतरी पट उजेड आणि ऊब टाकते, खालचा भाग अंधारात राहतो, आणि चकचकीत वार्निशवर तिचे प्रतिबिंब पडून चेहराच दिसेनासा होतो. दिवा छताला, चित्रापासून पुढे, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करून बसवावा. तो फक्त कार्यक्रम असताना लावावा. समोरच्या खिडकीवर पडदा हवा, कारण दुपारचे ऊन तिथून थेट चित्राच्या डाव्या बाजूवर येते.

भिंतीकडे मात्र ठरावात कुणाचेच लक्ष गेलेले नाही, आणि खरे दुखणे तिथे आहे. चित्र बाहेरच्या भिंतीवर आहे. त्या भिंतीच्या पलीकडून गच्चीचा पाण्याचा नळ खाली उतरतो आणि पावसात भिंत आतून ओली होते. चित्र तिला चिकटून टांगलेले असल्याने मागे हवा खेळत नाही. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी वाढते. करडे ठिपके त्याच कोपऱ्यात का आहेत हे यावरून कळते. त्यात कार्यक्रमाच्या वेळी चार तास वातानुकूलन चालते आणि नंतर बंद होते. एकसारख्या दमट हवेपेक्षा ही रोजची चढउतार जास्त वाईट, कारण कॅनव्हास दिवसातून दोनदा आखडतो आणि ढिला पडतो. हजार वेळा रंग दिला तरी ही भिंत चित्राला पुन्हा याच अवस्थेत आणून ठेवील.

जयंती-पुण्यतिथीला घातला जाणारा हारही थांबवायला हवा. ओल्या फुलांचा हार चौकटीला लटकतो आणि त्याचे पाणी कॅनव्हासच्या खालच्या कडेला झिरपते. परागकण आणि मुंग्या मागे राहतात, आणि काचेसारखी सपाट जागा समजून कुणीतरी चित्रावरच गंध लावतो. हळदकुंकवाचा डाग भेगेत उतरला की निघत नाही. हार समोरच्या टेबलावर, समई चार हात दूर, उदबत्ती बाहेरच्या दालनात. एवढ्याने त्यांचा मान कमी होत नाही.

नव्या फलकाच्या मजकुराविषयीही बोलणे भाग आहे. ‘परदेशात स्थायिक होऊन तिरंगा फडकवणाऱ्या थोर महिला’ असे त्यावर लिहायचे ठरले आहे. तिरंग्याचे वर सांगितलेच. ‘स्थायिक होऊन’ हे त्याहून चुकीचे आहे. मादाम कामा गेल्या त्या उपचारांसाठी, राहिल्या त्या स्वातंत्र्याच्या कामासाठी. राष्ट्रीय चळवळीत भाग घेणार नाही असे लिहून दिलेत तरच मायदेशी परतता येईल, असे त्यांना लंडनमध्ये सांगण्यात आले आणि त्यांनी नकार दिला. मग पॅरिस हेच त्यांचे काम करण्याचे ठिकाण झाले. सप्टेंबर १९०९पासून ‘वंदे मातरम्’ हे नियतकालिक तिथून चालवले गेले. ब्रिटिशांनी त्यांना ताब्यात द्या म्हणून फ्रान्सकडे मागणी केली, फ्रान्सने ती मानली नाही, तेव्हा हिंदुस्थानातली त्यांची मालमत्ता जप्त झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि ब्रिटन एका बाजूला आले तेव्हा त्यांना फ्रान्समधल्या विशी (Vichy) या गावी स्थानबद्ध करण्यात आले. पक्षाघाताने खंगलेल्या अवस्थेत, राजकारणात पडणार नाही असे लिहून दिल्यावरच, नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांना मुंबईला येता आले, आणि नऊ महिन्यांत त्या गेल्या. तेहतीस वर्षे बाहेर काढून, शेवटी मरणासाठी परवानगी घेऊन आलेल्या बाईला ‘स्थायिक’ म्हणणे आम्हांला पटत नाही. शेवटच्या त्या लेखी हमीचा उल्लेखही टाळू नये. ती कोणत्या अवस्थेत घेतली गेली हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

आम्ही सुचवतो तो मजकूर असा: ‘भिकाईजी रुस्तम कामा (२४ सप्टेंबर १८६१ – १३ ऑगस्ट १९३६). मुंबईत प्लेगच्या साथीत रुग्णसेवा. १९०२ पासून युरोपात. चळवळ सोडण्याची लेखी हमी नाकारल्याने मायदेश बंद. २२ ऑगस्ट १९०७ रोजी स्टुटगार्ट येथे हिंदुस्थानचा झेंडा उभारला. आजारपणात, लेखी हमी घेतल्यावर, नोव्हेंबर १९३५ मध्ये परत येऊ दिले.’ खाली ओळ: ‘तैलचित्र, कॅनव्हासवर. चित्रकाराची सही तपासाधीन.’ एवढे पुरे. ‘थोर’, ‘तेजस्वी’ ही विशेषणे गाळली तरी चालतील.

आता आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत.

चित्र नव्याने रंगवण्याचा ठराव मागे घ्यावा आणि ज्या रंगाऱ्याला काम दिले आहे त्याला तसे लेखी कळवावे. त्याची त्यात काही चूक नाही. त्याला आगाऊ रक्कम दिली असेल तर सभागृहाच्या खिडक्या-दारांचे काम त्याच्याकडून करून घ्यावे, ते गरजेचेही आहे.

दमट दिवसांत चित्र उतरवणे जोखमीचे असले, तरी ते पावसाळाभर ओल्या भिंतीवर ठेवणे त्याहून वाईट. या आठवड्यात, पाऊस उघडलेल्या दिवशी, ते उतरवावे. उतरवताना दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा, हात चौकटीखाली, कॅनव्हासच्या मागे बोटे जाता कामा नयेत. आधी खाली गादी अंथरावी. झेंड्याच्या उचललेल्या जागेवर आधी जपानी टिश्यू कागदाचे तुकडे सौम्य सरसाने चिकटवून रंग जागेवर धरून ठेवावा लागेल. हे काम जाणकारानेच करावे, सेलोटेप मुळीच लावू नये. खाली गळालेले पोपडे झाडून टाकू नयेत, कागदाच्या पुडीत भरून कोणत्या बाजूचे ते लिहून ठेवावेत. पुढे त्यातले काही परत बसवता येतात. चित्र आतल्या संदर्भदालनात, जमिनीपासून अर्धा फूट उंच, आतल्या भिंतीला टेकवून, सैल सुती चादरीने झाकून ठेवावे. प्लास्टिकमध्ये गुंडाळले तर आत पाणी धरेल. शेजारी आर्द्रतामापक ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा.

जतनाचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत प्रशिक्षित चित्रसंवर्धकाकडून करून घ्यावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. तिथून सल्ला मागता येतो. काम देताना आधी स्थितीचा लेखी अहवाल, साध्या, तिरप्या आणि अतिनील उजेडातली छायाचित्रे आणि कडेच्या नखाएवढ्या जागेत केलेल्या सफाईच्या चाचण्या मागाव्यात. ‘तीन दिवसांत नवे करून देतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नये. मेण-राळ वापरून मागे दुसरे कापड चिकटवण्याचा जुना उपाय कुणी सुचवला तर कारण लेखी विचारावे. त्याने रंग गडद होतात आणि ते मेण पुढे कॅनव्हासमधून पूर्ण निघत नाही. आपल्या चित्राचा कॅनव्हास समोरून तरी अजून धड दिसतो, त्यामुळे त्याची गरज पडेलसे वाटत नाही.

काम झाल्यावर चित्र त्या भिंतीवर परत लावू नये. आतल्या भिंतीवर, दोन स्वतंत्र आकड्यांवर, मागे बुचाचे ठोकळे देऊन भिंतीपासून इंचभर सुटे टांगावे. पाठीला फळी हवी, म्हणजे झाडू आणि खुर्च्यांची टोके कॅनव्हासला लागणार नाहीत. पुढे काच किंवा अॅक्रिलिकचे पारदर्शक आवरण लावायचेच असेल तर ते रंगाला टेकता कामा नये, मध्ये किमान अर्धा इंच जागा सोडावी. नळ दुरुस्त होईपर्यंत त्या बाहेरच्या भिंतीवर काहीच लावू नये.

आणि आपल्याला २४ सप्टेंबरला काही तरी करायचेच असेल तर चित्राची छायाचित्रे, स्टुटगार्टच्या झेंड्याचे छायाचित्र आणि मादाम कामांची माहिती यांचे छोटे प्रदर्शन भरवा. त्याची मांडणी आम्ही करून देऊ. तरुण वयातल्या मादाम कामा हव्या असतील तर आजच्या एखाद्या चित्रकाराकडून नव्या कॅनव्हासवर स्वतंत्र चित्र करून घ्या, त्यावर त्याची सही आणि साल असू द्या. तेही स्वागतार्ह आहे. जुन्या चित्राच्या अंगावर मात्र ते चढवू नका.

या पत्राचे उत्तर चित्र रंगाऱ्याकडे जाण्याआधी, लेखी, सूचना फलकावर लावावे अशी विनंती आहे. उतरवण्याचा दिवस ठरला की वाचनालयाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. आमच्यातले दोघे टिश्यू कागद, सरस आणि गादी घेऊन येतील. त्याचा काही खर्च संस्थेला पडणार नाही.

आपले,
वाचनालयाचे सभासद आणि तैलचित्रांचे काम करणारे कारागीर व चित्रकार